एजंटचा कोड माणसापर्यंत जाण्याआधी: वाचनालयाच्या कॅटलॉगसाठी बांधलेल्या गेटच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२५

वाचनालयाच्या कॅटलॉगच्या सॉफ्टवेअरमध्ये रिव्ह्यूची, म्हणजे माणसाने कोड तपासायची, रांग फारच वाढलीये. आधी कोड लिहायला माणूस मिळत नव्हता, आता एजंटला, म्हणजे स्वतः कोड लिहिणाऱ्या एआयला, संध्याकाळी काम सांगितलं की रात्रीपर्यंत पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे मंजुरीसाठी पाठवलेला कोडमधला बदल) तयार असतो आणि सगळं अडतं ते तपासणाऱ्यापाशी, कारण तपासणारे दोघंच, दोघांनाही दिवसा नोकरी, आणि वाचनालयाचं काम म्हणजे रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडून जे होईल ते.

गेल्या महिन्यातल्या रिव्ह्यूच्या कमेंट सगळ्या चाळल्या. बहुतेक एकाच जातीच्या आहेत. "हे इम्पोर्ट कुठे वापरलंच नाहीये", "इथे फील्ड रिकामं आलं तर फुटेल", "याला टेस्ट कुठंय". हे सांगायला माणूस कशाला हवा? आणि यातच डोकं शिणलं की "मुळात हे असं करायचं होतं का" हे विचारायला जीव उरत नाही, आणि रिव्ह्यू तर त्याच्यासाठीच असतो. म्हणून ठरलं: जे मशीनला कळू शकतं ते माणसाच्या नजरेला पडायच्या आधीच मशीनने परत पाठवायचं, थेट एजंटकडे, कारणासकट. या मशीनच्या तपासणीलाच आम्ही गेट म्हणतो.

पहिला नियम आजच लावला. पीआर ४०० ओळींच्या वर गेला की आपोआप परत, एजंटने स्वतः तुकडे करून आणायचे. आकडा हवेतला नाही, स्मार्टबेअरने सिस्कोमधल्या रिव्ह्यूंचा अभ्यास करून २००६ मध्ये हेच सांगितलं होतं की एका बैठकीत २०० ते ४०० ओळींच्या पुढे गेलं की चुका सापडणं कमी होत जातं. तेव्हा कोड माणसं लिहायची. एजंटला हजार ओळी लिहायला काहीच लागत नाही, वाचणाऱ्याचे डोळे मात्र तेव्हा होते तेवढेच आजही आहेत.

६ नोव्हेंबर

पहिला टप्पा उभा राहिला: रफ, मायपाय आणि गिटलीक्स. म्हणजे लिंटर (कोड न चालवता नुसता वाचून साध्या चुका दाखवणारं टूल), टाइप (कुठे आकडा, कुठे मजकूर) तपासणारा आणि पासवर्ड किंवा गुप्त की चुकून कोडमध्ये आलीये का ते बघणारा. तिन्ही मिळून एका मिनिटाच्या आत संपतात आणि ते महत्त्वाचंय, कारण एजंट पुन्हा पुन्हा येऊन धडकणार.

ग्रुपवर एकाने विचारलं, एवढ्या साध्या टूलने काय होणार, एजंट काय इम्पोर्ट विसरतो का. विसरतो की. आणि साध्या टूलला कमी लेखू नये. लिंट मुळात १९७८ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सनने सी भाषेसाठी लिहिलं, तेव्हापासून ही कल्पना टिकून आहे ती उगाच नाही. २०१४ चं ॲपलचं "गोटू फेल" आठवा: एकच ओळ दोनदा पडली, तिच्याखालचा तपासणीचा कोड कधी चालूच शकत नव्हता, आणि आयफोनवरच्या सुरक्षित कनेक्शनमधली सर्व्हरची सही तपासली जाण्याऐवजी तशीच पास होत होती. "या ओळीपर्यंत कोड पोचतच नाही" एवढं सांगणारी वॉर्निंग चालू असती तरी ते दिसलं असतं. माणसाचे डोळे अशा ओळीवरून सरळ घसरतात, मशीनचे नाही घसरत.

९ नोव्हेंबर

पॅकेजची, म्हणजे बाहेरून घेतलेल्या तयार कोडची, तपासणी घातली. एजंटने एक्सेल फाइल वाचायला एक नवीनच पॅकेज जोडलं होतं, नाव एकदम पटण्यासारखं, पण त्या नावाचं पॅकेज अस्तित्वातच नव्हतं. ही काही आमच्यापुरती गोष्ट नाही. १६ एआय मॉडेल्सकडून ५,७६,००० कोडचे नमुने लिहून घेऊन केलेला एक अभ्यास आहे, त्यात कमर्शियल मॉडेल्सनी सुचवलेल्या पॅकेजेसपैकी सरासरी किमान ५.२ टक्के आणि ओपन सोर्स मॉडेल्सनी सुचवलेल्यांपैकी २१.७ टक्के नावं मनाने बनवलेली निघाली. इन्स्टॉल फेल झालं असतं तर ठीक होतं, पण खरा धोका वेगळाच आहे. हीच बनवलेली नावं मॉडेल पुन्हा पुन्हा देतं, मग कुणीतरी ते नाव आधीच नोंदवून ठेवतं, आत काहीही भरतं आणि वाट बघत बसतं. एका सुरक्षा संशोधकाने असंच एक मॉडेलने बनवलेलं नाव घेऊन रिकामं पॅकेज टाकून पाहिलं तर तीन महिन्यांत ३०,००० च्या वर डाउनलोड. रिकामं होतं म्हणून निभावलं.

आमचा नियम आता असा की लॉक फाइलमध्ये (मंजूर पॅकेजेसच्या यादीत) नसलेलं नाव आलं की गेट थांबतं, इन्स्टॉलच करत नाही. नवीन पॅकेज हवं असेल तर एजंटने वेगळा पीआर टाकायचा, त्यात फक्त पॅकेजचं नाव आणि ते का हवं ते, आणि त्याला हो म्हणणार माणूस. एजंट ज्या कंटेनरमध्ये (बंदिस्त जागेत) चालतो तिथून बाहेरचं नेटवर्कही बंद केलं.

१२ नोव्हेंबर

आज गेटने जे पकडलं ते सविस्तर लिहून ठेवतोय कारण पुढे नवीन येणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं.

काम साधं होतं. वाचनालयाच्या सभासदांच्या आणि पुस्तकांच्या जुन्या याद्या एक्सेलमध्ये आहेत, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी टाइप केलेल्या, कुणी इनस्क्रिप्टने, कुणी फोनेटिकने. त्यात न दिसणारी कॅरेक्टर्स घुसलेली आहेत, त्यामुळे दोन नावं डोळ्यांना सारखी दिसतात पण सर्चमध्ये एकच सापडतं. एजंटला सांगितलं, मजकूर साफ करणारं फंक्शन लिही. त्याने युनिकोडच्या ज्या वर्गात न दिसणारी फॉरमॅटिंगची कॅरेक्टर्स येतात तो वर्गच्या वर्ग उडवून टाकला. कोड अगदी नेटका, लिंटर खूश, टाइप बरोबर, जुन्या टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास.

आता त्या वर्गात झीरो विड्थ जॉइनर (शेजारची अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं न दिसणारं कॅरेक्टर) पण येतो. आणि मराठीत तो कचरा नाहीये! दऱ्या, पायऱ्या, तऱ्हा, गोऱ्हे, कुऱ्हाडे यांतला जो आडवा अर्धा र आहे तो दोन पद्धतींनी साठवला जातो. एक म्हणजे खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी म्हणजे साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे हा जॉइनर टाकायचा. जुन्या याद्यांत दुसरी पद्धत भरपूर आहे. जॉइनर उडवला की साधा रफार होतो, मग दऱ्याखोऱ्यांतल्या दऱ्यांचा दर्या होतो, म्हणजे समुद्र, आणि गोऱ्हे आडनावाच्या बाईंचं खातं "गोर्हे" नावाने जाऊन बसतं आणि काउंटरवर शोधलं तर सापडत नाही. स्क्रीनवर वरवर बघणाऱ्याला फरक लगेच जाणवेलच असंही नाही. आणि युनिकोडचं जे स्टँडर्ड नॉर्मलायझेशन आहे ते या दोन पद्धतींना एकच मानत नाही, त्यामुळे तो रस्ताही बंद, मॅपिंग आपल्यालाच लिहावं लागतं.

हे पकडलं हायपोथिसिस नावाच्या टेस्टिंगच्या टूलने. त्यात तुम्ही उदाहरणं लिहीत नाही, गुणधर्म लिहिता, आणि उदाहरणं तो स्वतः शेकड्यांनी बनवून फंक्शन मोडायचा प्रयत्न करतो. मूळ कल्पना हॅस्केल भाषेतल्या क्विकचेक टूलची, क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० मध्ये मांडलेली. आम्ही तीन गुणधर्म लिहिले होते: साफ केलेलं पुन्हा साफ केलं तर काही बदलू नये, अर्ध्या र च्या दोन्ही पद्धतींतून सर्चसाठी एकच की (ज्यावर शोध चालतो तो साफ केलेला मजकूर) निघावी, आणि रफाराचा शब्द व आडव्या र चा शब्द यांची की कधीच एक होऊ नये. दुसरा आणि तिसरा दोन्ही तुटले. हायपोथिसिसचं मला सगळ्यात आवडतं ते हे की मोडणारं उदाहरण सापडलं की तो ते कापत कापत सगळ्यात लहान करून देतो, हातात आलं ते फक्त र, मोडका पाय, जॉइनर, य. चारच कॅरेक्टर्स. एवढं बघितल्यावर काय चुकलंय ते समजवायला दुसऱ्या माणसाची गरजच नाही.

१३ नोव्हेंबर

कालचा निरोप घेऊन एजंट परत आला आणि त्याने काय केलं तर टेस्टच्या फाइलमध्ये जे चार शब्द उदाहरण म्हणून लिहिलेले होते तेवढ्या चार शब्दांची एक यादी बनवली आणि हे शब्द आले तर हात लावू नका अशी अट घातली. त्या चार शब्दांच्या टेस्ट हिरव्या झाल्या. हायपोथिसिस अर्थातच पुन्हा लाल, कारण त्याने नवीन शब्द बनवले.

हे नीट समजून घ्यायला हवं. एजंटला "टेस्ट पास कर" एवढंच ध्येय दिसतं, मग तो सगळ्यात जवळची वाट धरतो. म्हणून ठराविक उदाहरणांच्या टेस्ट एजंटसाठी अपुऱ्या आहेत. त्या माणसाला पुरायच्या कारण माणसाला त्यामागचा हेतू माहीत असायचा. आता ठरलं की मजकूर, तारखा आणि दंडाचा हिशोब या तीन ठिकाणी गुणधर्माच्या टेस्ट असल्याशिवाय पीआर पुढे जाणार नाही. शिवाय टेस्टचा एक गठ्ठा वेगळ्या रेपोत (कोडच्या साठ्यात) ठेवला, एजंटला तो दिसत नाही, फक्त गेट चालवतं आणि फेल झालं तर कुठला गुणधर्म तुटला तेवढं नाव सांगतं.

त्याच पीआरमध्ये अजून एक होतं. शब्द वेगळे काढायला पायथन भाषेच्या रेगेक्समधला (मजकुरात पॅटर्न शोधायची पद्धत) तो नेहमीचा बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे "शब्दातलं कुठलंही अक्षर", वापरला होता. पायथनचं आत आलेलं रेगेक्स मॉड्यूल मात्रा आणि वेलांट्यांना शब्दाचा भाग धरत नाही, "हिंदी" दिलं की ह आणि द असे सुटे तुकडे मिळतात. यासाठी सेमग्रेपमध्ये (कोडमधले नको ते पॅटर्न शोधणारं टूल) छोटासा नियम लिहिला: मजकुराच्या फोल्डरमध्ये हा पॅटर्न दिसला की थांबव. अक्षरं मोजायला सरळ लांबी घेतली तरी थांबव, कारण "क्षि" पायथनला चार लांबीचं दिसतं. प्रत्येक भाषेच्या, प्रत्येक धंद्याच्या अशा खाचाखोचा असतात, त्या तयार नियमांच्या संचात मिळणार नाहीत. त्या आपणच लिहायच्या. गेटमधला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे असं माझं ठाम मत झालंय.

१७ नोव्हेंबर

परीक्षा देणाऱ्याच्या हातात पेपर काढायचं काम द्यायचं नाही, या एका गोष्टीवर आज सगळा वेळ गेला.

एजंट टेस्ट लाल दिसली की कधी कधी टेस्टच बदलतो. अपेक्षित उत्तर बदलतो, नाहीतर स्किप लावतो (टेस्ट वगळायला सांगतो), नाहीतर ओळीच्या शेवटी लिंटरला गप्प करणारी कमेंट टाकतो, नाहीतर एरर येईल तो सगळा भाग झाकून टाकतो आणि आत काहीच करत नाही. प्रत्येक वेळी पीआरच्या वर्णनात मात्र "सर्व टेस्ट यशस्वी". आणि ते खरंही असतं.

तर आता डिफ (कोडमध्ये काय काय बदललं ते) मोजणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे. स्किप वाढले का, गप्प करणाऱ्या कमेंट वाढल्या का, असर्ट (टेस्टमधल्या उत्तर पडताळणाऱ्या ओळी) कमी झाले का, रिकामे एक्सेप्ट (एरर गिळून टाकणारे भाग) आले का. यातलं एकही झालं की पीआर थांबतो. जुन्या टेस्टच्या फाइलला हात लागला तर वेगळं लेबल लागतं आणि ती फाइल कोडओनर्समध्ये (कुठल्या फाइलला कुणाची मंजुरी लागते त्या यादीत) माणसाच्या नावावर आहे, त्यामुळे त्याच्याशिवाय ती मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील, होतच नाही. नवीन टेस्ट एजंटने खुशाल लिहाव्यात.

गेटची कॉन्फिग पण अशीच. गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) साध्या पीआरला जो वर्कफ्लो (तपासण्या आपोआप चालवायची यादी) चालतो तो त्या पीआरमधलाच असतो, म्हणजे एजंटने वर्कफ्लोची फाइल बदलली तर बदललेलं गेट चालणार. म्हणून नियम आणि स्क्रिप्ट वेगळ्या रेपोत नेल्या, एजंटच्या टोकनला तिथे लिहायची परवानगीच नाही. धाकट्या मेंबरने हे सगळं एकट्याने लावलं, फार छान काम केलंय त्याने.

२० नोव्हेंबर

म्युटेशन टेस्टिंग. कल्पना जुनी आहे, डिमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांचा १९७८ चा पेपर. कोडमध्ये मुद्दाम छोटा बिघाड करायचा, मोठ्याचं लहान चिन्ह, अधिकचं वजा, आणि टेस्ट ओरडते का बघायचं. नाही ओरडली तर ती टेस्ट नुसती हजेरी लावतेय.

एजंटच्या टेस्टना हे का हवं ते दंडाच्या फंक्शनवर दिसलं. नियम असा की १५ दिवसांपर्यंत दंड नाही, पुढे रोजचा दंड. एजंटने टेस्ट लिहिल्या १० दिवसांची आणि ३० दिवसांची. कव्हरेज (टेस्टमध्ये किती कोड चालला ते) १०० टक्के, सगळं हिरवं. म्युटमट या बिघाड करणाऱ्या टूलने "१५ पेक्षा जास्त" चं "१५ किंवा जास्त" केलं तरी दोन्ही टेस्ट पास! म्हणजे बरोबर पंधराव्या दिवशी पुस्तक आणून देणाऱ्याला दंड लागला असता तरी कुणाला कळलं नसतं, आणि काउंटरवर भांडण होतं ते नेमकं त्याच दिवसाचं. सगळ्या कोडवर हे चालवलं तर तास जातील, म्हणून फक्त बदललेल्या ओळींवर चालवतो.

२४ नोव्हेंबर

एका रिव्ह्यूअर ताईंची तक्रार: गेट फार बडबड करतं. बरोबर आहे त्यांचं. मागच्या आठवड्यात उत्साहात सेमग्रेपचे तयार नियम ढीगभर चालू केले होते, त्यातले निम्मेअधिक आम्हाला लागूच नाहीत, आणि एजंट प्रत्येक इशाऱ्यावर इमानेइतबारे कोड बदलत बसतो, त्यात चांगला कोड बिघडतो. माणूस फालतू इशारा सोडून तरी देतो. एजंट नाही सोडत, म्हणून खोटी घंटा इथे जास्त महाग पडते.

गूगलच्या ट्रायकॉर्डर या कोड तपासणाऱ्या टूलच्या टीमने यावर चांगलं लिहिलंय. त्यांच्याकडे खोटा इशारा म्हणजे टूल चुकलं असं नाही, तर डेव्हलपरने तो बघून काहीच केलं नाही तर तो खोटा, आणि असं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली ठेवायचं, नाहीतर तो नियम बंद. आम्ही हाच दंडक घेतला. प्रत्येक नियमाच्या खाली "निरुपयोगी" असं बटण आहे, ते सारखं दाबलं गेलं की नियम बाहेर.

फेसबुकच्या इन्फर या चुका शोधणाऱ्या टूलचा अनुभवही इथे उपयोगी पडला. आधी ते रात्री सगळ्या कोडवर चालवायचे आणि चुकांची यादी डेव्हलपरना द्यायचे, जवळजवळ कुणीच काही दुरुस्त करेना. मग तेच टूल, तेच नियम, पण कोड बदलतानाच रिव्ह्यूमध्ये इशारा दाखवायला लागले तर दुरुस्तीचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेलं. वेळ बदलली फक्त. म्हणून रात्रीचा मोठा रिपोर्ट बंद करतोय, जे सांगायचं ते त्या पीआरवरच, त्या ओळीपाशी.

२८ नोव्हेंबर

दुसऱ्या एआय मॉडेलकडून रिव्ह्यू करून बघितला. कामाचा आहे, पण त्याच्या हातात दार द्यायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं.

कामाचा अशासाठी की "मागितलं होतं एक आणि केलंय दुसरं" हे त्याला बऱ्यापैकी दिसतं, लिंटरला ते दिसणं शक्यच नाही. दार न देण्याचं कारण एजंटच्याच पीआरमध्ये मिळालं. फंक्शनच्या वरच्या कमेंटमध्ये एजंटने लिहिलेलं होतं की इनपुटची पूर्ण पडताळणी केलेली आहे. केलेली नव्हती. रिव्ह्यू करणाऱ्या मॉडेलने ती कमेंट वाचून "पडताळणी योग्य आहे" असा शेरा दिला. इथे कुणी मुद्दाम फसवलं नव्हतं, उद्या कुणी मुद्दाम तशी सूचना कोडमध्ये लपवली तर? लिंटरला कमेंट वाचून भुलता येत नाही, मॉडेलला येतं. त्यामुळे त्याला आता कमेंट आणि पीआरचं वर्णन काढून फक्त मूळ मागणी आणि कोड दिला जातो, आणि त्याचं म्हणणं रिव्ह्यूअरला टीप म्हणून दिसतं. हिरवा-लाल ठरवणारे फक्त असे चेक जे दहा वेळा चालवले तरी तेच उत्तर देतील.

एजंटला किती वेळा परत पाठवायचं यालाही मर्यादा घातली. तीनदा फेल झालं की थांबायचं आणि मागणीच नीट लिहिली होती का ते माणसाने बघायचं. बऱ्याचदा गोची तिथेच असते.

२ डिसेंबर

आज पहिल्यांदा असं झालं की गेटने सगळं हिरवं दिलं आणि रिव्ह्यूअरने पीआर परत पाठवला, आणि तो परत जायलाच हवा होता.

मागणी होती दुबार सभासद एकत्र करायची. एजंटने नाव, पत्ता आणि फोन जुळवून जुनं खातं नव्यात मिसळणारा कोड लिहिला. लिंट, टाइप, गुणधर्म, म्युटेशन, सगळं पास, अर्ध्या र चं पण बरोबर सांभाळलेलं. ताईंनी वाचून एवढंच विचारलं, एकाच घरात एकाच फोनवर आजोबा आणि नातू असतील आणि नातवाला आजोबांचंच नाव ठेवलेलं असेल तर? आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची दोन खाती तर यात कधीच जुळणार नाहीत, ज्यांच्यासाठी ग्रंथपाल मॅडमनी हे मागितलं होतं.

हे कुठल्याही चेकमध्ये येणार नव्हतं, कारण हे कुठे लिहिलेलंच नव्हतं, ते मॅडमच्या डोक्यात होतं आणि ताईंना वाचनालयात बसून माहीत होतं. त्यांना हे सुचलं याचं कारण पण त्यांनीच सांगितलं, इम्पोर्ट आणि टाइप बघायचे नव्हते, शांतपणे वाचता आलं.

आजोबा-नातवाचं उदाहरण गुणधर्म म्हणून लपवलेल्या गठ्ठ्यात घातलं. खाती मिसळायचं काम मात्र आपोआप होणार नाही, सॉफ्टवेअर फक्त जोड्या सुचवेल आणि मॅडम हो-नाही करतील.

५ डिसेंबर

रांगेत आता पाच पीआर, सगळे ४०० ओळींच्या आत. नवीन नियम एकच: जो पीआर रेकॉर्ड खोडतो, मिसळतो किंवा परत न येण्यासारखं बदलतो त्याची मागणी एजंटकडे जायच्या आधी ग्रंथपाल मॅडमना दाखवायची. मायग्रेशनच्या (डेटाबेस बदलणाऱ्या) फाइलमध्ये डिलीट किंवा ड्रॉप दिसला आणि मागणीवर त्यांच्या होकाराचं लेबल नसेल तर गेट थांबवेल. स्क्रिप्ट धाकट्याने घेतलीये, सोमवारपर्यंत होईल म्हणाला.